गाडीतला रडार डिटेक्टर: त्याला काय ऐकू येते आणि काय नाही

न्यू जर्सीत वेगमर्यादा ताशी १ ते १४ मैलांनी ओलांडली तर परवान्यावर २ पॉइंट चढतात, १५ ते २९ मैलांनी ओलांडली तर ४, आणि ३० किंवा त्याहून अधिक मैलांनी ओलांडली तर ५. तीन वर्षांत ६ पॉइंट जमले की दंडाखेरीज राज्याचा वेगळा अधिभार भरावा लागतो, आणि विम्याचा हप्ता वाढतो तो निराळाच. हा हिशेब एकदा समजला की माणूस वेगमापक काट्याकडे जरा अधिक आदराने पाहू लागतो, आणि आमच्या ओळखीतले बरेच जण त्याच सुमारास रडार डिटेक्टरच्या, म्हणजे पोलिसांच्या रडारची आगाऊ चाहूल देणाऱ्या यंत्राच्या, जाहिरातीही पाहू लागतात. आमच्या गाडीत तो आहे. तो कसा निवडला, कसा बसवला आणि खरोखर उपयोगी पडतो का, हे प्रश्न मित्रमंडळी मला इतक्यांदा विचारतात की एकदा सविस्तर लिहून ठेवणे बरे वाटले. माझे शिक्षण इलेक्ट्रॉनिक्समधले असल्याने थोडे भौतिकशास्त्र येईल. पण ते टाळून या यंत्राबद्दल जे काही सांगितले जाते त्यातले निम्मे जाहिरातबाजीच असते.

पोलिसांची रडार गन सूक्ष्मलहरींचा झोत सोडते. समोरून येणाऱ्या गाडीवर आदळून परतणाऱ्या लहरींची वारंवारता गाडीच्या वेगाच्या प्रमाणात वाढलेली असते. गन २४.१५० गिगाहर्ट्झची असेल तर ही वाढ ताशी एका मैलामागे सुमारे ७२ हर्ट्झ भरते, म्हणजे ताशी ६५ मैलांनी येणाऱ्या गाडीची लहर साधारण ४,७०० हर्ट्झने सरकून परत येते, आणि गन तेवढा फरक मोजून वेग दाखवते. गनला या मोजमापासाठी परतीची लहर हवी असते. डिटेक्टरला मात्र नुसती येणारी लहर पुरते. अंतर दुप्पट झाले की गाडीपर्यंत पोहोचणाऱ्या लहरीची तीव्रता एक चतुर्थांश होते, पण जाऊन परत आलेल्या लहरीची तीव्रता एक सोळांश होते. म्हणून ज्या अंतरावर गनला आपली गाडी अजून नीट ओळखताही येत नाही, त्या अंतरावर डिटेक्टरला गन स्पष्ट ऐकू येत असते. मोकळ्या आणि सपाट महामार्गावर ही आघाडी एखाद्या मैलाचीही असू शकते. वळण, चढाव किंवा पुलाचा खांब मध्ये आला की ती काही शे फुटांवर येते. डिटेक्टरचा सगळा धंदा या एका असमानतेवर उभा आहे.

हा धंदा अमेरिकेत फोफावला तो १९७४ नंतर. तेलटंचाईच्या त्या काळात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी २ जानेवारी १९७४ रोजी ज्या कायद्यावर सही केली, त्याने देशभरातील कमाल वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आणली, आणि क्षितिजापर्यंत सरळ गेलेल्या आंतरराज्य महामार्गांवर ती पाळणे ट्रकचालकांच्या आणि लांबच्या प्रवाशांच्या जिवावर आले. ओहायोतील डेल स्मिथ यांचा ‘फझबस्टर’ हा डिटेक्टर त्या काळात गाजला. १९७८ मध्ये सिनसिनाटी मायक्रोवेव्ह या कंपनीने ‘एस्कॉर्ट’ बाजारात आणला आणि त्यात सुपरहेटरोडाइन पद्धतीचा रिसीव्हर वापरला. ती कंपनी काढणाऱ्या दोघांपैकी माइक व्हॅलेंटाइन यांनी पुढे स्वतंत्रपणे काम करून १९९२ मध्ये ‘व्हॅलेंटाइन वन’ आणला, ज्यात पुढे आणि मागे असे दोन अँटेना होते आणि लहर कोणत्या दिशेने येते आहे ते बाण दाखवत. आजच्या महागड्या यंत्रांत हे बाण सर्रास असतात आणि माझ्या मते पैसे मोजावेत अशी ही पहिली सोय आहे, कारण लहर पुढून येत होती आणि आता मागून येऊ लागली हे कळले की पोलिसांची गाडी मागे पडली हेही कळते.

सुपरहेटरोडाइन रिसीव्हरमध्ये स्वतःचा एक दोलक असतो. बाहेरून आलेली लहर या दोलकाच्या लहरीत मिसळून कमी वारंवारतेवर आणली जाते, कारण तिथे ती वाढवणे आणि गाळणे सोपे जाते. मात्र या दोलकाची थोडी ऊर्जा अँटेनातून बाहेर झिरपते, आणि तिचा माग काढणारी उपकरणे निघालेली आहेत. जिथे डिटेक्टरवर बंदी आहे तिथले पोलीस ती वापरतात. गुपचूप ऐकत बसलेले हे यंत्र स्वतः पूर्ण गप्प नसते, ही गोष्ट व्हर्जिनियाला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. त्याबद्दल पुढे लिहिते.

पोलिसांचे रडार तीन पट्ट्यांत चालते. एक्स बँड १०.५२५ गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. तो बहुतेक राज्यांत मोडीत निघाला असला तरी न्यू जर्सी आणि ओहायो यांची नावे अजून अपवाद म्हणून घेतली जातात, म्हणून आम्ही तो बंद केलेला नाही. के बँड २४.१५० च्या आसपास आणि केए बँड ३३.४ ते ३६.० गिगाहर्ट्झ एवढा रुंद आहे. या रुंद पट्ट्यात प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या गन बहुतांशी ३३.८, ३४.७ आणि ३५.५ या तीन जागांभोवती सापडतात. आमच्या यंत्राच्या पडद्यावर वारंवारता आकड्यांत दिसते, आणि ३४.७ च्या जवळचा आकडा दिसला की मी कसलाही विचार न करता पाय पेडलवरून उचलते, कारण त्या जागी लहर सोडणारी दुसरी कोणतीही वस्तू रस्त्यावर सहसा भेटत नाही.

के बँडची गोष्ट अगदी उलट आहे. किराणा दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे याच पट्ट्यात काम करतात. त्याहून त्रासदायक म्हणजे अनेक गाड्यांच्या मागच्या बंपरमध्ये बसवलेले, ब्लाइंड स्पॉट म्हणजे आरशात न दिसणाऱ्या भागातली गाडी दाखवणारे रडारही २४ गिगाहर्ट्झवर चालते. दुकान निदान जागेवर असते. ही गाडी मात्र शेजारच्या लेनमधून वीस मैल आपल्यासोबत येते आणि डिटेक्टर वीस मैल ओरडत राहतो. नव्या गाड्यांचे रडार ७६ ते ८१ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सरकते आहे आणि ते डिटेक्टरला ऐकूही येत नाही, त्यामुळे जुन्या गाड्या रस्त्यावरून जातील तसतसा हा उपद्रव ओसरेल. पण गाड्या इथे पंधरावीस वर्षे चालतात.

म्हणूनच दीडशे डॉलरचे यंत्र आणि सहासातशे डॉलरचे यंत्र यांतला खरा फरक किती दूरचे ऐकू येते यात फारसा दिसत नाही. ऐकलेल्यापैकी काय सांगायचे आणि काय गिळायचे, हे महाग यंत्राला अधिक समजते. नुसते तिखट कानांचे यंत्र म्हणजे पान हलले तरी भुंकणारे कुत्रे. आठवडाभरात घरातली माणसे उठून पाहायची बंद होतात, आणि मग ज्या रात्री पाहायला हवे त्या रात्रीही कुणी उठत नाही. महाग यंत्रांत ब्लाइंड स्पॉट रडारची विशिष्ट चाल ओळखून गाळणारी चाळणी असते आणि जीपीएस असतो. एखाद्या ठिकाणी तीच वारंवारता काही वेळा आली की यंत्र ती जागा लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी तिथे गप्प राहते. रोजच्या कामाच्या रस्त्यावर ही सोय लाखमोलाची आहे. तिच्यात एक धोका मात्र आहे: त्या दुकानासमोरच एखादा पोलीस जवळपास त्याच वारंवारतेची गन घेऊन उभा राहिला, तर यंत्र त्यालाही दुकान समजेल. तो धोका आम्ही के आणि एक्स बँडपुरता पत्करतो. केए बँडवर काहीही गिळू द्यायचे नाही, असे ठरवून ठेवलेले आहे.

एवढे करूनही रडारच्या बाबतीत एक परिस्थिती अशी आहे की जिथे कोणतेही यंत्र हात टेकते. बरेच पोलीस गन सतत चालू ठेवत नाहीत. ती सज्ज ठेवतात, आपण टप्प्यात आलो की खटका दाबतात, आणि क्षणार्धात वेग वाचून मोकळे होतात. अशा वेळी डिटेक्टर वाजतो तो आपला वेग मोजला जात असतानाच. यातून वाचायचे तर आपल्या पुढे अर्धापाऊण मैलावर दुसरी गाडी असायला हवी, जिच्यावर खटका दाबला गेला की एक तुटक, अशक्त आवाज आपल्यापर्यंत पोहोचेल. हा एकच क्षीण आवाज ओळखायला शिकणे म्हणजे डिटेक्टर वापरायला शिकणे, असे मला वाटते. दोन सेकंद केए वाजून बंद पडला आणि आसपास काहीच दिसले नाही, तर नवशिक्या माणूस तो खोटा इशारा समजून वेग वाढवतो; अनुभवी माणूस पुढचे दोन मैल नियमाने चालवतो. रात्री बाराला मोकळ्या रस्त्यावर आपली एकटीच गाडी असेल, तर हा आवाज मिळणारच नाही, म्हणून मध्यरात्री यंत्रावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

आता लेझर. खोक्यावर ‘रडार आणि लेझर डिटेक्टर’ असे ठळक लिहिलेले असते, आणि त्यातल्या दुसऱ्या शब्दाने सर्वाधिक गैरसमज पसरवला आहे. लेझर गन ९०५ नॅनोमीटरच्या आसपासच्या अवरक्त प्रकाशाचे अगदी छोटे स्पंद सोडते. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण एक फूट जातो, त्यामुळे हजार फुटांवरच्या गाडीपर्यंत जाऊन परत यायला त्याला सुमारे दोन मायक्रोसेकंद लागतात. गन तो वेळ मोजून अंतर काढते, सेकंदाला शेकडो वेळा काढते, आणि अंतर किती झपाट्याने घटते आहे यावरून वेग सांगते. हे सगळे अर्ध्या सेकंदाच्या आत उरकते. रडारचा झोत हजार फुटांवर सहज दोनशे फूट रुंद पसरतो, म्हणजे तो सगळ्या रस्त्यावर सांडतो आणि म्हणूनच दुरून ऐकू येतो. लेझरचा झोत त्याच अंतरावर जेमतेम तीन फूट रुंद असतो. पोलीस तो गाडीच्या नंबरप्लेटवर किंवा हेडलाइटवर रोखतात, कारण तिथून प्रकाश उत्तम परततो, आणि आपला डिटेक्टर असतो त्याच्या वर, काचेच्या माथ्याशी.

त्यामुळे लेझरचा इशारा वाजला तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच होतो की आपला वेग नुकताच मोजला गेला. क्वचित पुढच्या गाडीवर रोखलेला झोत इकडेतिकडे विखुरतो आणि त्याचा एखादा कण आपल्या यंत्राच्या डोळ्यात शिरतो. दाट वाहतुकीत असे घडते आणि तेव्हा थोडी सवड मिळते. पण ती मिळेल असे धरून चालणे चुकीचे आहे. लेझरपासून खरा बचाव डोळ्यांचा आहे. गन धरणाऱ्याला सरळ नजरेची रेषा लागते आणि तो बहुधा थांबलेला असतो, म्हणून ओव्हरपास, दोन दिशांच्या रस्त्यांमधले पोलिसांसाठी राखलेले वळण आणि चढाव उतरल्यानंतरचा लांब सरळ टप्पा या जागांवर लक्ष ठेवावे. थांबलेल्या पोलिसांची खबर ‘वेझ’ या नकाशाच्या ॲपवरचे पुढचे चालकही देतात आणि लेझरच्या बाबतीत तो फुकटचा मार्ग महागड्या यंत्रापेक्षा सरस ठरतो.

इथे हमखास जॅमरचा प्रश्न निघतो. रडार जॅमर स्वतः लहरी सोडतो, म्हणून तो देशभर बेकायदा आहे. रेडिओलहरींवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संपर्क आयोगाच्या (एफसीसी) नियमांत त्याला जागा नाही. लेझर जॅमर प्रकाश सोडतो, त्यामुळे तो त्या आयोगाच्या कक्षेत येत नाही आणि अनेक राज्यांत चालतो, पण कॅलिफोर्निया, टेक्सस आणि व्हर्जिनिया यांसह काही राज्यांनी त्यावर वेगळी बंदी घातली आहे. मला स्वतःला ऐकणे आणि पोलिसांच्या उपकरणात अडथळा आणणे यांत मोठा फरक वाटतो, आणि त्या रेषेच्या अलीकडे राहणे मी पसंत करते.

बसवण्याकडे वळू. पहिला प्रश्न जागेचा. यंत्र समोरच्या काचेवर, शक्य तितके वर, आरशाच्या शेजारी बसवावे. तिथून पुढच्या गाड्यांच्या टपांवरून रस्ता दिसतो आणि मागच्या अँटेनालाही मागच्या काचेतून वाट मिळते. यंत्राचा तळ जमिनीला समांतर हवा. जरा जरी आकाशाकडे किंवा बोनेटकडे झुकले तरी पल्ला कमी होतो. काचेच्या वरच्या कडेला असलेल्या गडद पट्ट्यामागे किंवा वायपरच्या पात्यामागे ते येऊ देऊ नये. काही गाड्यांच्या काचेत उष्णता अडवण्यासाठी धातूचा अतिसूक्ष्म थर असतो. अशी काच सूक्ष्मलहरीही अडवते, आणि कंपनीने टोलच्या टॅगसाठी आरशामागे सोडलेली थराविना जागा हाच त्यावर उपाय असतो. मागच्या काचेवर दुकानातून धातूयुक्त फिल्म लावून घेतली असेल तर मागचा बाण जवळजवळ मुका होतो. शिवाय काचेवर काहीही चिकटवण्याबाबत राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटा या बाबतीत कडक आहेत, तेव्हा आपल्या राज्याचा नियम पाहूनच जागा ठरवावी.

खोक्यात येणारे सक्शन कप उन्हाळ्यात काच तापली की सुटतात आणि यंत्र नेमके टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, मांडीत येऊन पडते. आम्ही आरशाच्या दांड्याला पकडणारा धातूचा ब्रॅकेट घेतला. तो काचेला स्पर्श करत नाही, हलत नाही, आणि यंत्र एका झटक्यात काढता येते, जे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

दुसरा प्रश्न विजेचा. सोबत येणारी गुंडाळीची वायर बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये खुपसली की काम होते, पण मग ती डॅशबोर्डवर लोंबत राहते, गिअरच्या आड येते आणि चोराला काय शोधायचे ते सांगते. कायमची वायर ओढायचे दोन मार्ग आहेत. ज्या गाड्यांत रात्री आपोआप गडद होणारा आरसा असतो, त्यांच्या आरशापर्यंत वीज आलेलीच असते. तिथूनच एक छोटी तार घेता येते आणि सगळे काम अर्ध्या तासात, हातभर वायरमध्ये होते. मात्र त्या जुडग्यातली कोणती तार विजेची, कोणती सिग्नलची आणि गाडी बंद झाल्यावरही कोणती जिवंत राहते, हे मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या मीटरने, पाहिल्याशिवाय काहीही टोचू नये. आमच्या गाडीत साधा आरसा असल्याने आम्ही फ्यूज बॉक्सचा मार्ग धरला.

स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, पायांपाशी, एक झाकण असते; त्यामागे फ्यूजच्या रांगा. त्यातला असा फ्यूज निवडायचा की जो किल्ली फिरवल्यावरच जिवंत होतो आणि ज्याच्यावर अपघातात उपयोगी पडणारे काही अवलंबून नाही. बारा व्होल्टच्या सॉकेटचा किंवा मागच्या वायपरचा फ्यूज चालतो. एअरबॅग, ब्रेक आणि इंजिनाच्या नियंत्रणाचे फ्यूज कधीही हात लावण्याचे नाहीत. मल्टिमीटरचे काळे टोक गाडीच्या उघड्या धातूला आणि लाल टोक फ्यूजच्या डोक्यावरच्या बारीक छिद्राला लावायचे, आणि गाडी बंद व चालू अशा दोन्ही स्थितींत वाचन घ्यायचे. मग तो फ्यूज काढून त्या जागी फ्यूज टॅप बसवायचा: त्यात दोन खाचा असतात, एकीत मूळ फ्यूज परत जातो आणि दुसरीत आपला नवा छोटा फ्यूज. डिटेक्टर एक ॲम्पिअरपेक्षाही कमी वीज खातो, त्यामुळे दोन किंवा तीन ॲम्पिअरचा फ्यूज पुरतो. हाताशी आहे म्हणून दहा ॲम्पिअरचा घालण्याचा मोह आवरावा, कारण फ्यूज असतो तो बारीक वायर जळू नये म्हणून. अर्थिंगची तार कंपनीने दिलेल्या जवळच्या बोल्टखाली जाते. तो बोल्ट रंगवलेल्या पत्र्यावर असेल तर संपर्क नीट होत नाही आणि यंत्र मधूनच चालू-बंद होत राहते.

यानंतरचा टप्पा म्हणजे वायर काचेच्या कडेने वर नेणे, आणि तिथे मी सर्वांना हात जोडून सांगते की घाई करू नका. दरवाजा आणि समोरची काच यांच्यामधल्या खांबाच्या आच्छादनाखाली बहुतेक गाड्यांत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. वायर तिच्यावरून नेली तर अपघाताच्या क्षणी ती एअरबॅगच्या वाटेत येईल. म्हणून बॅटरीची ऋण तार काढून, काही मिनिटे थांबून, ते आच्छादन सोडवायचे आणि आपली वायर एअरबॅगच्या मागून, कंपनीच्या मूळ वायरींच्या जुडग्याला बांधत वर न्यायची. छताच्या कापडाच्या कडेत ती प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने सरकवली की आरशापर्यंत बाहेर काहीच दिसत नाही. ज्यांना आच्छादन सोडवण्याची भीती वाटते त्यांनी गाडीच्या स्टिरिओचे काम करणाऱ्या दुकानात द्यावे; शंभरेक डॉलर जातील, पण काम करणाऱ्याला ‘वायर एअरबॅगच्या मागून जाईल ना?’ हे विचारायला लाजू नये. आमच्या घरी हे काम नवऱ्याने आणि मी मिळून एका शनिवारी केले. त्यात सर्वाधिक वेळ खांबाच्या आच्छादनाच्या क्लिपा न तोडता काढण्यात गेला.

वापराबद्दल थोडे. यंत्र वाजले की ब्रेकवर पाय दाबणे ही पहिली ऊर्मी असते आणि तीच सर्वांत वाईट. मागच्याला आपल्या लाल दिव्यांचे कारण माहीत नसते, आणि पोलिसाला नाक खाली घातलेली गाडी लांबून दिसते. प्रवाहाच्या वेगाने चालणाऱ्याला नुसता पेडल सोडणे पुरते. ज्याला पेडल सोडून पुरत नाही तो मुळातच इतक्या वेगात असतो की यंत्राने त्याला वाचवावे अशी अपेक्षाच अवास्तव आहे. आवाज मी कमीत कमी ठेवते आणि शहरात आपोआप मंदावणारी सोय चालू ठेवते, नाहीतर मागच्या सीटवरची मुले यंत्रापेक्षा मोठ्याने ओरडतात.

आता कायदे. खासगी गाडीत डिटेक्टर अमेरिकेतल्या जवळपास सर्व राज्यांत चालतो. व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसी हे अपवाद. १०,००० पौंडांहून जड व्यावसायिक वाहनांत तो देशभर निषिद्ध आहे, आणि लष्करी तळांवरही. आमचे नातलग व्हर्जिनियातल्या ॲशबर्नला राहतात, त्यामुळे हा विषय आमच्याकडे प्रत्येक दिवाळीला निघतो. टर्नपाइकने डेलावेअर, तिथून आय-९५ या आंतरराज्य महामार्गाने मेरीलँड, मग राजधानीला वळसा घालणारा बेल्टवे आणि पोटोमॅक ओलांडणारा पूल: पुलाच्या पलीकडच्या टोकाला व्हर्जिनिया. तिथे यंत्र नुसते बंद करून भागत नाही. कायद्याने त्याला वीजपुरवठा असता कामा नये आणि ते चालक किंवा प्रवाशांच्या हाताशीही असता कामा नये, म्हणून ते काढून डिकीत ठेवावे लागते. आम्ही आय-९५ वरच्या ‘मेरीलँड हाउस’ या विश्रांतिस्थळी चहासाठी थांबतो आणि तिथेच ते ब्रॅकेटमधून काढून बॅगेत भरतो. शिवाय व्हर्जिनियात ताशी ८५ मैलांच्या वर किंवा मर्यादेपेक्षा २० किंवा त्याहून अधिक मैलांनी जास्त वेग हा बेदरकार वाहनचालनाचा फौजदारी गुन्हा धरला जातो, ज्याला १२ महिन्यांपर्यंत कैद आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. व्हिसा किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांना या ओळीचे वजन समजावून सांगावे लागत नाही.

कॅनडात काही प्रांतांत मामला आणखी कडक आहे. पाहुण्यांना घेऊन नायगाऱ्याला जाणारी कुटुंबे पूल ओलांडून पलीकडच्या बाजूनेही धबधबा दाखवतात. तिथे ऑन्टारियो प्रांत लागतो, आणि तिथे डिटेक्टर गाडीत असणे हाच गुन्हा आहे, मग तो डिकीत बंद करून ठेवलेला का असेना. पोलीस तो जप्त करू शकतात. त्या सहलीला निघताना तो घरीच ठेवावा.

पेन्सिल्व्हेनियात वेगळीच गंमत आहे. तिथे रडार वापरण्याचा अधिकार फक्त राज्य पोलिसांना आहे, गावच्या पोलिसांना नाही. मग गावचे पोलीस रस्त्यावर ठरावीक अंतरावर आखलेल्या दोन पांढऱ्या रेषांमधला आपला वेळ मोजतात आणि अंतराला वेळेने भागतात. या भागाकारात कोणतीही लहर नसते, आणि सातशे डॉलरचे यंत्र शांतपणे आरशाखाली बसून राहते. गावातून जाताना रस्त्यावर आडव्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर त्या रंगकाम करणाऱ्याची हौस समजू नयेत.

या पांढऱ्या रेषांची आठवण मला पुण्यातल्या भाच्यामुळे झाली. ‘मावशी, येताना माझ्यासाठी एक डिटेक्टर आण ना, एक्सप्रेस वेवर लागतो,’ अशी त्याची मागणी होती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची जी यंत्रणा चालू आहे, तिच्यात दोन कमानींमधल्या अंतरावरून सरासरी वेगही काढला जातो, म्हणजे हिशेब पेन्सिल्व्हेनियाच्या रेषांचाच आहे. महामार्ग पोलिसांच्या गाड्यांत जी गन असते ती लेझरची. पहिल्याबद्दल डिटेक्टर काहीच सांगत नाही आणि दुसऱ्याबद्दल सांगतो ते उशिरा, हे त्याला फोनवर समजावले. त्याच्यासाठी मी डॅशकॅम नेला. तो बसवताना फ्यूज टॅप आणि मल्टिमीटरचे सगळे ज्ञान कामी आले. फक्त त्याच्या गाडीत फ्यूज बॉक्स कुठे दडवला आहे हे शोधण्यात आमची सकाळ गेली.